माझ्या पोरीला भ्यालेली माणसं

सांगलीच्या थेटरात माझ्या मागच्या खुर्चीवरची बाई मोठ्यानं म्हणाली, "असली कार्टी माझ्या पोटी आली असती तर तवाच देवाच्या दारात सोडून आले असते." पडद्यावरच्या ज्या कार्टीबद्दल ती बोलत होती, ती माझ्या शेजारी मांडी घालून पॉपकॉर्न खात होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वळून त्या बाईला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात लेकीनं माझा दंड धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "आई, गप बस ना. त्यांना आवडलंय."

आवडलंय म्हणे. चौथीतली पोर, आणि मला शिकवत होती. पण तिचं खरं होतं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा ती बाई कपाळाचा घाम पुसत होती. नंतर बाथरूममध्ये हात धुताना तिनं आरशात माझ्या लेकीला बघितलं आणि स्वतःचं पोरगं पटकन पदराआड ओढलं. लेक तिच्याकडं बघून गोड हसली. बाई नळ तसाच सोडून गेली. मी नळ बंद केला आणि लेकीला बाहेर नेलं, आणि खोटं कशाला बोलू, माझी छाती दोन इंच फुगली होती.

सिनेमा होता एका घरातल्या मुलीचा. नवरा, बायको, ही मुलगी, आणि मग घरात नवं बाळ येतं. मुलगी ओरडत नाही, मारत नाही, काही फोडत नाही. नुसती बघते. बघता बघता घरातल्या माणसांची झोप उडते. माझ्या लेकीला सगळ्या सिनेमात मोजकी वाक्यं होती, बाकी सगळं काम डोळ्यांचं.

ते डोळे तिनं कुठून आणले, हे मला विचारा. लोक म्हणाले, पोरीला बाहेरचं लागलंय. कसलं बाहेरचं? माझं माहेर आटपाडीकडचं, घरात मेंढरं. सासरचे मूळचे त्याच अंगाचे, आता कुंडलजवळ शेती करून राहिलेत. उन्हाळ्यात लेक आजोळी गेली की माझे वडील, म्हणजे तिचे आबा, तिला मेंढरांमागं घेऊन जायचे. मेंढरांची कुत्री परक्याच्या अंगावर येतात. आबांनी तिला शिकवलं होतं, कुत्रं आलं तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, जागेवर उभं राहायचं आणि सरळ बघायचं. कुत्रं आपोआप शेपूट घालतं. सांगलीत शाळेच्या नाटकांची स्पर्धा होती, तिथं तिनं स्टेजवर हेच केलं. गोंधळ घालणाऱ्या पहिल्या रांगेकडं बघत उभी राहिली. रांग गप झाली. सिनेमावाले त्याच कार्यक्रमाला आले होते.

शूटिंग औंधच्या बाजूला एका बंगल्यात होतं. मी रोज डबा घेऊन तिथंच बसलेली. पाळण्याचा तो शॉट माझ्या डोळ्यांदेखत झाला. मुलगी झोका देत असते, मग हातानं पाळणा एकदम थांबवते, आत वाकून बघते आणि हळूच हसते. पाळण्यात बाळ नव्हतंच, गुंडाळलेली उशी होती. खरं बाळ त्याच्या आईजवळ बाहेर झाडाखाली दूध पीत होतं. शॉट संपल्यावर दिवे सांभाळणारा एक दाढीवाला गडी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "वैनी, हिच्याजवळ तुमी झोपता कशा वो?" लेक तोवर पळत जाऊन भेळेच्या पुडीला भिडली होती.

सिनेमा आला आणि गावात नुसता धुमाकूळ. शाळेच्या व्हॅनवाल्यानं तिची जागा बदलली. पुढच्या आरशात ती दिसली की ब्रेक नीट लागत नाही म्हणायचा. शेजारच्या आजी रोज तिची दृष्ट काढायला लागल्या, आणि तिची काढून झाली की तिचीच नजर लागू नये म्हणून स्वतःच्या नातवाचीही काढायच्या. त्याच मिठानं, त्याच मिरच्यांनी. माझा नवरा फौजेत. तिकडं त्यानं सगळ्या पलटणीला सिनेमा दाखवला. फोनवर म्हणाला, "साहेब म्हणतात, सुट्टीला घरी जाताना हेल्मेट घालून जा." हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. बाजारात बायका रस्ता सोडायच्या आणि मी मुद्दाम लेकीचा हात धरून मधोमध चालायचे. लोक गाणाऱ्या पोरीचं कौतुक करतात, नाचणाऱ्या पोरीचं करतात. माझ्या पोरीला भितात. ज्याला भीती घालता येते, त्यानं काम चांगलं केलंय. मी तरी तेच कौतुक समजत होते.

तोवर माझ्या भावाला मुलगा झाला. लग्नाला लय वर्षं झाली होती, दवाखाने झाले, नवस झाले, आणि मग हे पोर. लेक तर वेडी झाली होती. तिला भावंड नाही. रोज व्हिडिओ कॉलवर बाळाचे पाय बघायची, आणि बारशाला गेल्यावर आपण त्याला मांडीवर घेणार, हे सगळ्या वर्गात सांगून बसली होती. भावजय बाळंतपणाला माहेरी गेली होती, पण बारसं आटपाडीला आमच्याच घरी घालायचं, असा माझ्या आईचा हट्ट. दिवस ठरला रविवारचा. भावजयीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "वन्सं, तुमी सकाळीच या. पोरीला काय शाळा असंल न्हवं?"

"रविवारी?" मी विचारलं.

"न्हाई, मजी क्लास-बिस..." आणि ततपप करत तिनं फोन ठेवला.

मी फोन हातात धरून ओट्याजवळ उभीच राहिले. बाजारातल्या बायकांनी रस्ता सोडला तेव्हा मला मजा वाटली होती. घरच्या माणसानं दार लावलं तेव्हा कळलं, हे कौतुक नव्हे. पोर आतल्या खोलीत बाळासाठी घेतलेला खुळखुळा वाजवून बघत होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायचं काय, मामीला तुझी भीती वाटते? रविवारी तिला नवा फ्रॉक घातला आणि पहिल्या एसटीनं आटपाडीला घेऊन गेले. बघू कोण काय म्हणतंय ते.

तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पाळणा फुलांनी सजला होता, बायका जमल्या होत्या, पितळेच्या परातीत घुगऱ्या होत्या. लेक चप्पल काढून थेट पाळण्याकडं गेली. भावजयीनं झटक्यात बाळ उचललं, "भूक लागली असंल त्याला," म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं बाळ परत आलं. लेक पुन्हा उठली, आणि बाळाला पुन्हा भूक लागली. माझ्या एका चुलतीनं तर बाहेरची बाधा होऊ नये म्हणून पाळण्यातल्या गादीखाली विळा आणून ठेवला, आणि त्याची मूठ सगळ्यांना दिसेल अशी बाहेर ठेवली. लेकीनं विळ्याकडं बघितलं, मग बायकांच्या तोंडांकडं बघितलं. माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, मी बाहेर आबांजवळ बसू का?" खुळखुळा तिनं माझ्या पिशवीत ठेवला.

नाव ठेवायची वेळ झाली. आता आमच्यात बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं कुर्रर्र करून नाव सांगितल्याशिवाय बारसं होत नाही, मग घरात कुणी कितीही थोर असो. आणि ह्या बाळाची आत्या एकच, मी. बायकांनी मला पाळण्याजवळ बोलावलं. मी पदर खोचला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"मी नाव सांगत न्हाई," मी म्हणाले.

आई म्हणाली, "अगं, येळ निघून चाललीया. असं काय करतीस?"

"जाऊ दे येळ. माझी पोर पाळण्याला नको, आणि माझं तोंड तेवढं बाळाच्या कानाला चालतंय व्हय? ती माझ्याच पोटची हाय."

भावजय रडवेली झाली. "वन्सं, तसं न्हाई वो. मी बघितलंय ते. पाळणा थांबवून ती कशी हसती... माझ्या अंगावर काटा येतोय. मला लय वर्षांनी झालंय हे."

ती खोटं बोलत नव्हती, हे मला दिसत होतं. बाळाला तिनं असं घट्ट धरलं होतं की त्याचं टोपडं डोळ्यांवर आलं होतं. माझा राग होता तो होताच, पण आवाज खाली आला. मी विचारलं, "सिनेमा कुणी कुणी बघितलाय इथं?" सगळ्यांनी हात वर केले. "सबंध कुणी बघितलाय?" एक हात वर राहिला नाही. फोनवर फिरत आलेला तो पाळण्याचा एवढासा तुकडा, तेवढाच सगळ्यांनी बघितला होता, पुन्हा पुन्हा, एकमेकींना दाखवत. एका उशीला भ्यालेल्या बाया सगळ्या.

मी भावाला हाक मारली आणि टीव्ही लावायला सांगितला. सिनेमा तोवर घरबसल्या बघता येत होता. "आधी सबंध बघा," मी म्हणाले, "मग ठरवा. मग मी नाव सांगीन, न्हाईतर उठून कुंडलला जाईन." पुरणपोळ्या झाकून ठेवल्या. बाहेर मांडवातली गडीमाणसं कुरकुरायला लागली, जेवणं कवा म्हणून. आईनं त्यांना घुगऱ्या नेऊन दिल्या आणि दार लोटून घेतलं. सजवलेल्या पाळण्याभोवती बसून बायकांनी सिनेमा बघायला घेतला, असं बारसं आटपाडीत आधी कधी झालं नसेल.

सुरुवातीला त्या एकमेकींना चिकटून बसल्या. लेक पडद्यावर आली की कुणीतरी "आई गं" म्हणायची. पाळण्याचा प्रसंग आला तेव्हा भावजयीनं डोळे मिटले. मी पडद्याकडं बघतच नव्हते, मी बायकांची तोंडं बघत होते. माझी पोर बोट हलवत होती आणि इकडं बायांचा श्वास अडकत होता. ती वळून बघत होती आणि ह्या मागं सरकत होत्या. आयुष्यभर ज्यांच्यापुढं मी खाली मान घालून वाढले, त्या चुलत्या, त्या आत्या, सगळ्यांना तिनं मुठीत धरलं होतं. मी एवढी खूश कधीच झाले नव्हते, तिच्या जन्माच्या दिवशीही नाही. त्या दिवशी मी दमलेली होते.

मग हळूहळू बोलणं बदललं. पडद्यावरची आई बाळाला न्हाऊ घालत होती आणि मुलगी दारात टॉवेल धरून उभी होती. आईनं टॉवेल घेतला आणि दार लावलं. एक बाई म्हणाली, "बघितली का, एक शब्द बोलली न्हाई पोरीशी." पुढं मुलीला ताप येतो आणि बाप फोनवर बोलत बसतो. "काय माणूस हाय का कोण?" दुसरी म्हणाली. शेवटाला मुलगी बाळाला उचलून अडगळीच्या खोलीत नेऊन बसते. बाळाला काही करत नाही, आपल्या शालीत गुंडाळून नुसती बसून राहते, कारण त्याला शोधायला कुणीतरी येणार, हे तिला माहीत असतं. आई येते. बाळ उचलते, छातीशी धरते आणि पळत निघून जाते. दार उघडंच राहतं. मुलगी आत जमिनीवर बसलेली, हात अजून बाळ धरल्यासारखे.

गादीखाली विळा ठेवणारी माझी चुलती टीव्हीकडं हात करून म्हणाली, "अगं बये, तिलाबी घे की."

सिनेमा संपला. टीव्हीवर नावं सरकत होती, कुणी उठलं नाही. नाक ओढल्याचे आवाज येत होते. चुलतीनंच मग गादीखालचा विळा काढला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. भावजय बाळाला घेऊन उठली, दार उघडलं आणि बाहेर गेली. मी तिच्या मागोमाग गेले. लेक मांडवाच्या कडेला आबांच्या पायाशी बसून चिंचोक्यांनी खेळत होती. मामीला बाळ घेऊन येताना बघून ती उठली आणि वाट सोडून बाजूला झाली. बाजारातल्या बायका तिला वाट द्यायच्या, तशी. भावजयीनंही ते बघितलं. ती तिथंच मातीत खाली बसली, नव्या जरीच्या साडीनिशी, आणि म्हणाली, "ये की गं. बस माझ्याजवळ. मांडी घाल."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं फ्रॉकला हात पुसले, मांडी घातली आणि भावजयीनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. पोरीनं दोन्ही कोपरं मांड्यांना घट्ट टेकवली. सगळ्या सांगलीला घाम फोडणारी माझी लेक मान वर करून रडवेल्या आवाजात म्हणाली, "मामी, मला भ्या वाटतंय. पडला तर?"

"न्हाई पडत," भावजय म्हणाली. "मी खालनं हात लावलाय."

मग मी त्या दोघींच्या मधी वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं.