परीक्षकाला ओळ उचलायला लावली

मी मोजकं बोलणारा माणूस. पण ही गोष्ट कनेरगाव नाक्याच्या हॉटेलांत माझ्या माघारी इतक्या तऱ्हांनी सांगून झाली आहे की काय विचारता! एका पठ्ठ्याच्या सांगण्यात तर मी परीक्षकाला छडी मारली. छडी मारली नाही. जे केलं ते त्याहून वाईट आहे. बसा, चहा घ्या. माझ्या फजितीची गोष्ट आहे, ती माझ्याच तोंडून ऐका.

माझं शिक्षण चौथी, वय एकाहत्तर. पण गावच्या भजनात चाळीस वर्षं मी पुढं बसलो. पुढं बसणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. पुढचा माणूस अभंगाची ओळ म्हणतो आणि थांबतो. मागचे टाळकरी तीच ओळ उचलतात. मग तो दुसरी म्हणतो. ओळ उचलणं हा मान आहे. परगावचा पाहुणा कितीही बेसूर गायला तरी त्याची ओळ उचलतात. न उचलणं म्हणजे भरल्या पंगतीत एकाचंच पान कोरडं ठेवणं.

मागच्या वर्षी एका एकादशीला मी ओळ म्हटली आणि थांबलो. कुणी उचलली नाही.

पंधरा टाळकरी. पंधराही जण खाली बघून राहिले. मी पेटीवाल्या गजाननकडे पाहिलं. पस्तिशीतला पोरगा. त्यानं पेटीचा भाता बंद केला.

"आबा, तुमची पट्टी कोणती?"

"कोणती म्हणजे?"

"काळी दोनमधी सुरू करता, पांढरी पाचमधी जाता, अन् तिकडून परत येतच न्हाई. मी पेटी कुठं कुठं पळवू?"

"चाळीस वर्षं पळवली की!"

"ती माझ्या बापानं पळवली. त्याची बोटं आता वाकत न्हाईत."

लोक हसले. मी हसलो नाही. टाळ खाली ठेवला आणि म्हणालो, "गाणं शिकल्याचा कागद आणीन, तेव्हाच पुढं बसेन. तोवर भजनाला या देवळाची पायरी चढणार न्हाई."

गजानन म्हणाला, "आणा. तुमची सतरंजी मी स्वतः झटकून ठेवतो."

आता माणूस रागात पुष्कळ बोलतो. पण बोललेलं गिळायची मला सवय नाही. चौकशी केली. हिंगोलीत एका कम्युनिटी कॉलेजात सहा महिन्यांचा संगीताचा वर्ग होता. वयाची अट नाही, शिक्षणाची नाही. शेवटी परीक्षा, आणि पास झाला की कागद. मला दुसरं काय पाहिजे होतं?

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"कॉलेजात? तुमी?"

"व्हय."

"पाटी आणू का दप्तर?"

"वही पुरते."

पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, मीच सर. खरे सर मागून आले. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाचे. वर्गात नऊ पोरी आणि एक मी. कळमनुरीची प्रणाली नावाची पोरगी सगळ्यांत हुशार. सरांनी तिलाच आधी गायला सांगितलं. तिनं भूप रागातली बंदिश सुरू केली. एक ओळ म्हटली, श्वास घेतला.

मी ओळ उचलली. भजनातल्या आवाजात. खिडकीवरची कबुतरं गेली ती त्या आठवड्यात परत आली नाहीत.

"आबा, आबा!" सर म्हणाले. "तिला एकटीला गाऊ द्या."

"एकटीला? भरल्या वर्गात लेकरू एकटं गाऊन राहिलं, अन् आमी मुक्यावानी बसू? काही रीतभात हाय का न्हाई?"

सरांनी समजावलं. इथं ज्याचं त्यानं गायचं असतं. मला पटलं नाही, पण गुरू तो गुरू. पुढचे आठ दिवस पोरी गायला लागल्या की मी उपरण्याचं टोक दातात धरून बसत होतो.

मग माझी पाळी आली. मी ओळ म्हटली आणि थांबलो. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. प्रणालीनं हळूच ओळ उचलली. मग दुसरीनं. मग नवाच्या नऊ जणींनी. सरांना हसू आलं. "चालू द्या," म्हणाले.

इथं माझी समजूत झाली. तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुमची झाली नसती का? पोरी लहान आहेत, त्यांनी एकट्यानं गायचं. वडीलधारा माणूस गायला लागला की वर्ग त्याच्या मागं म्हणतो. कॉलेज झालं तरी मान ठेवायची पद्धत आहे, असं मी घरी बायकोला सांगितलं. तिलाही बरं वाटलं.

सहा महिने मी एक दिवस चुकवला नाही. एसटी आली नाही तर दूधवाल्याच्या मोटरसायकलवर कॅन मांडीवर घेऊन गेलो. सर म्हणाले, पहाटे उठून एकच सूर धरायचा, हलू द्यायचा नाही. मी गोठ्यात जाऊन धरला. तिसऱ्या दिवशी म्हशीनं पान्हा चोरला. बायको म्हणाली, "गाणं धरा न्हाई तर म्हैस धरा." मी सूर घेऊन शेताच्या बांधावर गेलो. सोडला नाही.

आणि सांगतो, सूर बसला! काळी एक म्हणजे काळी एक. सुरू तिथं, शेवटही तिथंच. सर म्हणाले, "आबा, आता तुम्ही हलत नाही."

परीक्षेच्या आधी त्यांनी मला बाजूला घेतलं. "आबा, एक लक्षात ठेवा. आत पोरी नसतील."

"नसू द्या," मी म्हणालो. "जे असतील ते उचलतील."

सर काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात परीक्षकांची गाडी आली.

परीक्षक बाहेरगावचे. साठीचा माणूस, सोनेरी काडीचा चष्मा, शांत चेहरा. खोलीत ते, एक तबलेवाला आणि पेटीवर आमचे सर. सरांना बोलायची मनाई होती. पोरी बाहेर ओसरीत बसलेल्या. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. सगळ्यांना हात जोडले, मांडी घातली, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली. अशी लागली म्हणता! मग थांबलो.

काही नाही.

तबला चालू. पेटी चालू. माणूस गप्प.

वाटलं, ऐकू गेलं नसेल. तीच ओळ मोठ्यानं म्हटली. थांबलो. डोळे उघडले. परीक्षक माझ्याकडे बघून राहिले, मी परीक्षकांकडे. एकादशीची ती रात्र आठवली. इथंही तेच! सहा महिने सूर घासला, म्हशीशी वैर घेतलं, आणि इथंही ओळ उचलायला कुणी तयार नाही!

सर पेटीवरचा एक हात गोल गोल फिरवत होते. पुढं चला, पुढं चला, असं ते सांगत होते, हे मला नंतर कळलं. मला त्या वेळी वाटलं, सरही त्या दोघांना सांगून राहिले की उचला, उचला. गुरूचा पाठिंबा मिळाल्यावर मी कशाला गप्प बसतो?

"काहून हो साहेब?" मी म्हणालो. "कुठं चुकलो का?"

"नाही, नाही. छान आहे. पुढे गा."

"पुढं कसं गाऊ? तुमी ओळ उचलल्याबिगर?"

"मी?"

"तुमी न्हाई तर कोण? का येत न्हाई तुमाला?"

तबलेवाल्याचा हात थांबला. सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बिचारे तल्लीन झाले.

परीक्षक म्हणाले, "मला येते."

"मग लाजता काहून? म्हणा माझ्या मागं. अन् तबलेवाले, तुमीबी. तोंड रिकामंच हाय."

माणूस मोठा होता, हे आज कबूल करतो. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि ओळ उचलली. तबलेवाल्यानं उचलली. ओसरीतल्या पोरींना आपली पद्धत ओळखीची, त्यांनी बाहेरून उचलली. पाण्याचा जग घेऊन आलेला शिपाई दारातच उभा राहून म्हणायला लागला. काय रंगलं म्हणून सांगू! मी ओळ टाकावी आणि सगळ्या कॉलेजानं झेलावी.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण उठताना परीक्षकांना म्हणालो, "साहेब, आवाज गोड हाय तुमचा. पट्टी तेवढी वर जाऊन राहिली. पहाटे उठून एकच सूर धरत जा. फरक पडतो."

पुढच्या एकादशीला मी देवळात गेलो. गजानन म्हणाला, "कागद?"

"येतो मागून. परीक्षक स्वतः माझ्या मागं गायला. आणखी काय पाहिजे?"

गजानन शब्दाचा पक्का. उठला, सतरंजी झटकली, पुढं अंथरली. मी बसलो. टाळ उचलला. तेवढ्यात फोन वाजला. फोन कानाला लावला की मला ऐकू येत नाही, म्हणून मी तो कायम मोठ्या आवाजावर ठेवतो. सर होते.

"आबा, निकाल लागला."

"बोला सर, अख्खं गाव ऐकून राहिलं."

"गाव? मग मी उद्या करू का फोन?"

"लपवायसारखं काय हाय? बोला!"

मग म्हणाले, "आबा, तुम्ही नापास झालात."

"कसा? साहेबांनी तर सगळी बंदिश माझ्या मागं म्हटली!"

"तेच लिहिलंय त्यांनी. अर्धी बंदिश परीक्षार्थ्यानं गायली, अर्धी मी गायली. मला मार्क कसे देऊ?"

"मग अर्धे द्या."

"अर्धेच दिलेत आबा. पास व्हायला थोडे कमी पडले. पण सूर एकदाही सुटला नाही, असंही लिहिलंय."

फोन ठेवला. पंधरा टाळकऱ्यांनी हसू दाबायला पंधरा उपरणी तोंडात घातली होती. एकटा गजानन हसत नव्हता. त्यानं पेटीवर काळी एक दाबली.

"आबा, म्हणा बरं यात."

म्हटलं. त्यानं ओळ संपेपर्यंत बोट हलवलं नाही. मग म्हणाला, "बसा पुढं. कागद गेला उडत."

खरं सांगतो, बसावंसं वाटलं. पण मी कागद आणीन असं बोललो होतो. सूर आणीन असं बोललो नव्हतो. सतरंजीची घडी केली, त्याच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जाऊन परत परीक्षेचा फॉर्म भरला. सरांनी बजावलं, "आबा, या वेळी एकट्यानं. शेवटपर्यंत. कुणासाठी थांबायचं नाही."

"न्हाई थांबत."

तेव्हापासून रोज सकाळी घरात बसून अख्खी बंदिश एकट्यानं म्हणतो. दहा-बारा दिवस झाले असतील. एक दिवस ध्यानात आलं, चुलीकडून कुणीतरी माझ्या मागं म्हणून राहिलं आहे. बायको! अन् चांगलं म्हणत होती.

मी ओरडलो, "काहून मधी मधी करून राहिलीस? मला एकट्यानं गायचं हाय!"

"मग थांबता काहून?"

"मी कुठं थांबलो?"

"आत्ता. रोजच थांबता. ओळ म्हणता अन् माझ्याकडं तोंड करून बसता. किती वेळ बघत ठेवू माणसाला? म्हून उचलते."

दुसऱ्या ओळीला मी स्वतःवर नजर ठेवली. थांबलो होतो. मान चुलीकडं होती.

आता मी भिंतीकडे तोंड करून बसतो. काल सरांचा फोन आला होता. म्हणाले, "आबा, परीक्षा जवळ आली. बंदिश पक्की झाली का?"

मी म्हणालो, "एका माणसाची झाली."

"कुणाची?"

"बायकोची."