नितीनचा हट्ट: सगळ्या सिस्टीमना एकच कमांड

आज मंगळवार. मालाडच्या ऑफिसात आमच्या डीबगरची नवी आवृत्ती तपासली. चालू प्रोग्राम थांबवून आत काय बिघडलंय ते दाखवणारं हे साधन.

माझा नवरा नितीन याच टीममध्ये होता. चार महिन्यांपूर्वी तो वारला. मी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळी कमांड लिहिली, तेव्हा त्याने माझं काम तीनदा परत पाठवलं. "सिस्टीम बदलली तरी विचारायची रीत एकच हवी गं." मी आठवडाभर अबोला धरला होता, पण शेवटी सगळीकडे एकच कमांड ठेवली.

आज टीममध्ये नव्याने आलेल्या श्रुतीने कधीच न वापरलेल्या सिस्टीमवर सवयीचीच कमांड दिली. चालू प्रोग्रामांची यादी लगेच आली. "झकास! मॅन्युअल उघडावंच लागलं नाही. कोणाचं डोकं हे?"

"नितीनचं," मी म्हणाले.

तुमच्या माणसाचा एखादा हट्ट तुम्हाला असा उशिरा पटलाय का?

घरी येऊन माझा एकटीचा डबा घासला आणि पालथा घातला.