पार्किंग लॉटमधला कालवा

चँडलरच्या लायब्ररीत महिन्यातून एका शनिवारी इथले मूळ अमेरिकन रहिवासी आणि आम्ही मागाहून आलेले लोक एकत्र बसतो. एकमेकांचं ऐकून घ्यायचं, एवढाच नियम. त्यांच्यातले एक काका फार कमी बोलतात. एका वाक्यानंतर इतके थांबतात, की आपलाच श्वास ऐकू यायला लागतो.

पार्किंग लॉटमधून चालताना मात्र ते ठरावीक जागी थांबतात, पाऊल उंच उचलतात आणि सपाट डांबरावर काहीतरी ओलांडतात. एकदा न राहवून मी विचारलं.

"इथून आमचा कालवा जायचा," ते म्हणाले. "पाण्यात पाय कसा देऊ?"

गेल्या महिन्यात त्यांना घरी जेवायला बोलावलं. मी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "घर घेतल्यावर आम्ही वास्तुशांत केली. जमिनीची परवानगी मागितली."

"दिली कोणी?"

"म्हणजे... गुरुजींनी पूजा सांगितली."

ते हसले नाहीत. हात धुवायला उठले. पॅसेजमध्ये, देवघराच्या जरा अलीकडे थांबले, पाऊल उंच उचललं आणि पलीकडे ठेवलं. परत येतानाही तसंच.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "वय झालंय रे त्यांचं. तू उगाच डोक्यात घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निरांजन घेऊन देवघराकडे निघाली. त्याच फरशीपाशी थांबली. मोकळ्या हातानं गाऊन घोट्याच्या वर उचलून धरला, भिजू नये म्हणून धरतात तसा, आणि पाऊल पलीकडे टाकलं.