इब्रामपूरच्या झाडाचं पान

मी वीसेक वर्षं आंब्यांत काढली आणि मला आंब्याची शिसारी आहे. गोव्यात हे वाक्य चारचौघांत उभ्यानं बोलता येत नाही, म्हणून घरी बसून लिहितोय.

डिचोलीकडे आमच्या विद्यापीठाची संशोधन बाग होती. गावोगावच्या आंब्याच्या जाती आणून जपायच्या, त्यांतून नव्या काढायच्या, असं तिचं काम. मी तिथं कलमं बांधायचो. बाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं जे येतं, ते मे महिन्यात तिथं नसायचं. मे महिन्यात आम्ही कलमांना लागणाऱ्या कोयींसाठी फुटके, कुजके आंबे पिंपांत भरायचो. तिसऱ्या दिवशी पिंप बोलायला लागायचं. एकदा मी त्याला उत्तरही दिलंय. फळमाशीच्या अळ्या त्यातून उड्या मारत बाहेर यायच्या, चपलेत शिरायच्या. एक माझ्या डब्यात पडली आणि शितांत शीत होऊन बसली. ती मी खाल्ली की नाही, हे मला आजवर ठाऊक नाही. त्यानंतर तीन वर्षं मी फक्त उकड्या तांदळाचा भात खाल्ला. तो तांबूस असतो, अळी त्यात उठून दिसते.

बागेतल्या जुन्या माणसांची एक रीत होती. झाडाला फळ नसलं आणि जात ओळखायची असली, की कोवळं पान तोडून दातांखाली धरायचं, रस जिभेवर घोळवायचा आणि थुंकायचं. मला कलम शिकवणारा म्हातारा पान चावून जात सांगायचा, ते झाड कुणाच्या परसातून आलं ते सांगायचा आणि त्या घरात सासूसुनेचं पटतं की नाही हेही सांगायचा. मी हे कधी केलं नाही. पानावर खाणीच्या ट्रकांची लाल धूळ, तिच्यावर कावळ्याची सही, खाली तुडतुड्यांचा चिकटा. असलं पान मी तोंडात घालू? मी पान चोळून हुंगतो, असं सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे मी पाटी वाचायचो.

पाटी म्हणजे फांदीला तारेनं अडकवलेला पत्र्याचा तुकडा, त्यावर जातीचं नाव. झाडांचा जुना नकाशा वाळवीनं कधीच पचवला होता. तेव्हा झाडाची ओळख म्हणजे एकतर ती पाटी, नाहीतर ते पान.

सातव्या ओळीत एक झाड इब्रामपूरचं होतं. तिथल्या एका काकीच्या परसात त्याची आई उभी होती. आंबा लिंबाएवढा, काळपट, सगळा रेषांचा. पिकला की रॉकेलच्या डब्यात तोंड घातल्यासारखा वास. पण त्याचे तोर, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिठात घालून वर धोंडा ठेवून चेपले, की वर्ष गेलं तरी दाताखाली कडकड वाजायचे. दुसऱ्या जातींच्या तोरांचा श्रावणात चिखल होतो. काकीच्या चेपणीच्या तोरांचा आवाज पेडण्याच्या बाजारात ऐकू यायचा असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो.

रस्ता रुंद होणार, झाड जाणार असं ठरलं, तेव्हा मी जाऊन काड्या आणल्या. "काकी, झाड गेलं तरी त्याची दोन कलमं तुला परत देईन," असा शब्द दिला. चार कलमं बांधली, एक जगलं. आई रस्त्याखाली गेली. तो आंबा आता जगात त्या एका झाडापुरता उरला होता.

मग आमच्याकडे घाटावरून नवे सर आले. पाहणीला एक समिती यायची होती आणि सरांना गंजक्या पाट्या बघवेनात. मी सगळ्या पाट्या काढल्या, रंगवल्या आणि ज्या झाडाची जी, त्या क्रमानं व्हरांड्यात वाळत घातल्या. जेवून येतो तो सरांनी त्या अ, आ, इ, ई अशा सुरेख लावून त्यांचा फोटो काढला होता.

"आता याच क्रमानं बांधून टाक."

"सर, झाडं अ आ इ ई प्रमाणे लावलेली नाहीत."

"मग लावायला हवी होती."

मी बांधल्या. एकेक पाटी, एकेक तार, या माझ्या हातांनी. फळं धरली की दुरुस्त करू म्हटलं, आणि सोयीस्करपणे विसरलो.

पुढच्या मे महिन्यात चाखणी झाली. इब्रामपूरची पाटी मिरवणाऱ्या झाडाचा आंबा सरांनी तोंडात घातला आणि डोळे मिटले. "ही तर नवीच जात सापडली. काय गोडी आहे." बागेच्या कारकुनानं माझ्याकडे बघितलं, मी कारकुनाकडे. तो मानकुराद होता. गोव्यात दात न आलेलं पोरही मानकुराद ओळखतं. आम्ही दोघांनी दुसरी फोड घेतली. सरांनी अहवालात लिहिलं, 'इब्रामपूर गोड, नवी निवड.'

त्याच आठवड्यात ड्रॅगनफ्रूटसाठी जागा हवी असं निघालं. ड्रॅगनफ्रूट म्हणजे फ्रीजमध्ये विसरलेला साबण, त्यावर तीळ टाकलेले. त्याच्यासाठी एका जातीची दोन झाडं ठेवून वरची तोडायची ठरली. 'मानकुराद ३' असं लिहिलेल्या झाडाला कधी फळ धरलं नव्हतं. त्याच्या बुंध्यावर तांबडी फुली पडली. पावसाळा संपला की तोडायचं.

जूनमध्ये काकी कबूल केलेली कलमं न्यायला आली, म्हापशाला बस बदलून, कापडी पिशवी घेऊन. सरांनी तिच्या हातात 'इब्रामपूर गोड'ची दोन कलमं दिली, फोटो काढला. काकीनं तिथंच पान तोडलं, चावलं आणि सरांच्या बुटापासून वीतभर अंतरावर थुंकली.

"ह्यो माझो न्हय."

"काकू, रजिस्टरला तशी नोंद आहे."

"मगे तुझा रजिस्टर घाल चेपणेक."

सर फोन आल्यासारखं करून आत गेले. मी बोट दाखवलं तशी काकी सातव्या ओळीला लागली. प्रत्येक झाडाचं पान तोडायची, धूळ पुसायचीही नाही, चावायची, थुंकायची. हिरवी लाळ हनुवटीवरून ओघळत होती, ओठांना लाल माती. शेवटून तिसऱ्या झाडाशी तिनं पान चावलं आणि ती थुंकली नाही. गिळलं.

"ह्यो."

बुंध्यावर तांबडी फुली होती. मी तिला सगळं सांगितलं, पाट्या कुणी बांधल्या हेसुद्धा.

"मगे तू काय करतलस?"

"बघतो, काकी."

"बघून तर ह्यां झाला. चाव." तिनं एक पान माझ्या हातात ठेवलं. मी ते खिशात घातलं.

त्या पावसात मी त्या झाडाच्या काड्या काढून कोय कलमं बांधली. बुरशीनं सगळी नेली. कोयी काढल्या तर काळा, तार सुटलेला लगदा निघाला, आणि त्याचा वास माझ्या नखांतून दिवाळीपर्यंत गेला नाही. बायकोनं माझं ताट व्हरांड्यात वाढायला सुरुवात केली. म्हणजे आता ते झाड वाचवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि खरं बोलावं, तर पाट्या बांधणारा मी.

तोडायच्या आदल्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कोयता आणि गेरूची वाटी घेऊन सातव्या ओळीत गेलो. एवढं मोठं खोटं करायचं तर आधी खात्री हवी. खात्रीला पाटी चालणार नव्हती. मी फुलीवाल्या झाडाचं पान तोडलं, डोळे मिटले आणि चावलं. आधी खाण आली, मग कावळा आला, मग सगळ्यांच्या मागून तो रॉकेलचा झोत नाकातून वर गेला. डोळ्यांना पाणी आलं. मग सरांच्या लाडक्या झाडाचं पान चावलं. त्यात रॉकेल औषधालाही नव्हतं. फणसाच्या बुडाशी जाऊन मी दोन्ही पानं आणि सकाळचा चहा ओकून टाकला. तोंड पुसून दोन्ही पाट्या अदलाबदल केल्या, कोयत्यानं एक फुली खरवडली आणि गेरूनं दुसरी सरांच्या लाडक्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीकडचा ट्रॅक्टरवाला करवत घेऊन आला.

"ह्या सरांचा लाडका झाड न्हय?"

"पाटी वाच."

"मानकुराद तीन."

"मग."

त्यानं करवत चालवली. चांगलं, फळतं झाड होतं. करवतीखालून गोड वास येत होता आणि आम्ही दोघं दुसरीकडे बघत होतो. त्या दिवशी मला ज्याची किळस आली तो आंबा नव्हता.

पुढच्या वर्षी उरलेल्या झाडाला फळ धरलं. चैत्रात मी काकीला गुपचूप पिशवीभर तोर पोचवले. मे महिन्यात सरांनी समिती बोलावली, 'इब्रामपूर गोड' जाहीर करायला, आणि मूळ झाडाची मालकीण म्हणून काकीला पहिल्या खुर्चीवर बसवलं.

फोडी वाटल्या गेल्या. सरांनी फोड तोंडात घातली आणि त्यांचा चेहरा जो आत गेला तो बाहेर यायला मिनिट लागलं. समितीतल्या एकाच्या कानांतून धूर निघाला. मी समोर होतो. पण अहवाल आधीच छापलेला, हातात होता. कुणीही थुंकलं नाही. गिळून गिळून त्यांनी गुण लिहिले. दहांपैकी नऊ, आठ, पुन्हा नऊ.

काकीनं फोडीला हात लावला नव्हता. "ह्यो आंबो पिकलेलो कोण खाता रे?" तिनं सगळ्यांना प्रेमानं विचारलं. "आमची म्हस पण हुंगान मागे जाय."

मग पिशवीतून भरणी काढून तिनं टेबलावर ठेवली. मिठाच्या पाण्यावर पांढरी साय तरंगत होती. सरांनी एक तोर घेतला, बहुधा तोंडाची चव पालटावी म्हणून. कडाक् असा आवाज झाला, आणि समितीनं एकदम मान वर केली. त्यांनी दुसरा घेतला. चावता चावता माझ्याकडे बघितलं.

"ही पाटी कोणी लावली होती रे?"

"तुम्हीच, सर. अ आ इ ई प्रमाणे."

सरांनी तिसरा तोर घेतला. मग पेन काढून त्यांनी अहवालातला 'गोड' हा एकच शब्द खोडला आणि वर 'चेपणीचा' असं लिहिलं. गुण तसेच ठेवले.

काकीनं भरणी माझ्याकडे सरकवली. मी बोटानं ती पांढरी बुरशी बाजूला सारली. ती बोटाला चिकटली, आणि मला मे महिन्यातलं पिंप आठवलं. एक तोर खाल्ला. मग दुसरा मागितला.