अप्पांचा पाव्हणा

समुद्राची एवढी काळजी करणारा माणूस कोकणातसुद्धा सापडायचा नाही, आणि आमचे लातूरचे घरमालक तर समुद्र बघायलाही कधी गेले नव्हते. गळ्यात इष्टलिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, अंड्याचं नाव काढलं तरी आंघोळ करतील असे सोवळे; पण किराणा दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून दिवसभर मोबाईलवर खेकडे बघायचे. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. मी उमरीकडचा मास्तर, गोदावरीचे मासे खाऊन वाढलेला. घर दाखवताना त्यांनी बजावलं, "घरात मच्छी शिजणार न्हाई," आणि लगेच विचारलं, "खेकडा आडवा का चालतो, ठाव हाय का?" मला खेकड्याचा रस्सा तेवढा ठाव होता.

माणूस दिसला की अप्पांना समुद्रातला एखादा जीव आठवायचा. उघड्या जीपमधून हात हलवत उमेदवार गेला की म्हणायचे, "खेकड्याची एक जात हाय. एकच नांगा मोठा, आन् दिवसभर त्योच हलवत ऱ्हातो, मादीनं बघावं म्हणून." मी खालच्या खोलीतून वरच्या घरात गेलो तेव्हा शंखात राहणाऱ्या खेकड्यांची गोष्ट ऐकावी लागली. मोठा शंख सापडला की ते म्हणे आकाराप्रमाणे रांग लावतात. पहिला नव्या घरात शिरला की दुसरा त्याच्या जुन्या घरात. "भांडण न्हाई, टेम्पो न्हाई, हमाल न्हाई!" असं म्हणत अप्पा जिन्यात उभे, आणि मी डोक्यावर कपाट घेऊन मधल्या पायरीवर.

त्यांचा खरा राग जहाजांवर. तोल सांभाळायला जहाज एका देशात पोटात पाणी भरतं, दुसऱ्या देशात ओततं, आणि त्यातून परके खेकडे उतरून तिथल्यांनाच हुसकावतात. हे ते इतक्या तळमळीने सांगायचे की कटिंगच्या दुकानात एकाने अर्धी दाढी झालेली असताना घाबरून विचारलं, "अप्पा, लातूरपर्यंत येतील का हो?"

"येतील कशानं? इथं पाणीच न्हाई!"

आणि याच माणसाच्या घरात एक परदेशी जीव होता. नातवाने हौसेने आणलेला, टाकीच्या काचेवरचं शेवाळ चाटणारा मासा. नातू पुण्याला शिकायला गेला, मासा मागे राहिला आणि चांगला वीतभर वाढला. अप्पांनी त्याला न्हाणीतल्या हौदात ठेवलं आणि पाव्हणा म्हणू लागले. आठ-आठ दिवस नळ न येणाऱ्या आमच्या गल्लीत पहिलं पाणी पाव्हण्याला. मालकीणबाई, म्हणजे अक्का, कडाडायच्या, "माणसाला तांब्याभर, आन् ह्या मुडद्याला हौद!" मी एकदा सहज विचारलं, "अप्पा, हा खातात का हो?" दोन दिवस बोलले नाहीत, आणि न्हाणीला कुलूप लागलं.

एका श्रावणी सोमवारी हौद रिकामा दिसला. अक्का भजनी मंडळाबरोबर माहेरी नांदेडला निघाल्या होत्या, सोबत पाण्याने भरलेली कळशी. "गाडी काढा मास्तर!" अप्पा अर्धवट नेसलेल्या धोतरानिशी माझ्या मागे बसले आणि नाक्यावर आम्ही एसटी अडवली. अक्कांनी कळशी पोटाशी धरली. "मुका जीव हाय. गोदामाईत सुटू द्या की, पुण्य लागंल."

"ह्यो सुटंल गं. पर तिथं आधीपासून जे हायेत, ते बी मुकेच हायेत की! ह्यानं त्यांचं समदं खाल्लं तर त्यांनी जावं कुठं?" म्हणत अप्पांनी कळशीला हात घातला. कंडक्टर घंटी मारायची विसरला. अक्कांनी कळशी दिली, पण पुढे महिनाभर भाकरी आपटूनच वाढली.

मागच्या वर्षी अप्पा गेले. समुद्र राहिलाच. सुट्टीत एकदा नेऊ नेऊ म्हणत मीच दिवस घालवले, याची खंत काही जात नाही. नंतर माझी बदली नांदेडला झाली. सामान चढत असताना अक्का तीच कळशी घेऊन आल्या. "ह्यांनी तुमचंच नाव सांगून ठेवलं. म्हणले, मासे खाणाऱ्यालाच द्या, त्याला नदीची कदर असंल." मग तोंडावरचं फडकं पुन्हा घट्ट बांधत म्हणाल्या, "घर नदीजवळ हाय न्हवं? बघा बरं, सोडायचा न्हाई."

पाव्हणा आता माझ्या न्हाणीत असतो. गोदावरी दहा मिनिटांवर. सोडून द्या की मास्तर, असं शेजारी रोज म्हणतात, आणि मी त्यांना जहाजांपासून सुरुवात करून सगळं सांगतो.

परवा अक्कांचा फोन आला. "त्यो बरा हाय न्हवं?"

"बरा आहे. तुम्ही कशा आहात?"

पलीकडून न्हाणीची कडी काढल्याचा आवाज आला.

"न्हाणी लई मोकळी वाटायलीय," अक्का म्हणाल्या.