ऐकण्याची तिसरी खेप

नूतन सिस्टर इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा कानांनी. बोलण्यात पास, लिहिण्यात पास, वाचण्यात काठावर. ऐकण्यात मात्र दर खेपेला थोडक्यात मागे. देवपुरातल्या खासगी हॉस्पिटलात अकरा वर्षं काढलेल्या बाईला ऐकता येत नाही, असा कागद परदेशातून दोनदा आला होता. आयर्लंडमधल्या हॉस्पिटलचं पत्र कपाटात होतं. मार्चअखेर निकाल दाखवला तर नोकरी, नाहीतर पत्र रद्द. तिसरी खेप म्हणजे शेवटचीच.

सासू यशोदाबाई मेथी निवडता निवडता म्हणायची, "तुना कानले काय व्हयनं व? मी मनम्हा पुटपुटनू तरी तुले ऐकू येस."

"ते इंग्रजीत पुटपुटतात, आई."

"मंग त्यास्ले सांग, जोरमा बोला."

क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. खाली जिन्याशी चपलांचा ढीग, वर वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी, आणि त्यांच्यात चाळिशीला टेकलेली नूतन, डबा आणि युनिफॉर्मची पिशवी बाकाखाली सरकवून. योगेंद्र सर लॅपटॉपवर ध्वनिफीत लावत. कुणीतरी बाई डॉक्टरला आपलं दुखणं सांगे, भराभर, मध्येच खोकत. समोरच्या कागदावरच्या रिकाम्या जागा तेवढ्यात भरायच्या. फीत एकदाच वाजणार. सर स्वतः नाशिकच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते, पण चूक कुठे आहे ते त्यांना दिसे.

"सिस्टर, तुमचे ओठ हलतात," एक दिवस ते म्हणाले.

मागची पोरं हसली. नूतनला राग आला तो हसण्याचा नव्हे. खरं निघालं त्याचा. डॉक्टर फोनवर ऑर्डर देतात तेव्हा सिस्टरने पूर्ण ऐकायचं, पेशंटचं नाव, बेड, औषध, मात्रा मोठ्याने परत म्हणायचं, डॉक्टर हो म्हणाले की मगच लिहायचं. पहिल्या वर्षी थोरल्या सिस्टरांनी हे तिच्या अंगात अक्षरशः चेपून भरलं होतं. परीक्षेतही ती तेच करत होती. वाक्य संपेपर्यंत थांबायची, ओठातल्या ओठात परत म्हणायची, मग पेन उचलायची. तोवर ती खोकणारी बाई दोन दुखणी पुढे गेलेली असे. वाचनातही तसंच. केस पेपर वरपासून खालपर्यंत वाचायची सवय. सर म्हणत, नजर फिरवा, हवं तेवढं उचला, बाकी सोडा. बाकी सोडायचं म्हणजे काय सोडायचं, हे तिला कुणी सांगेना.

"परत म्हणायचं नाही," सर म्हणाले. "कानात पडलं की कागदावर. समजलं की नाही ते नंतर."

दोन महिने तिने स्वतःला मोडलं. बसमध्ये, स्वयंपाक करताना, कानात वायर घालून. ओठ हलू नयेत म्हणून दातांत लवंग धरायची. नवरा प्रेमराज म्हणायचा, "घरात कुणी बोललं तरी हल्ली लिहूनच घेशील." हळूहळू रिकाम्या जागा भरू लागल्या. सरांनी पोरांसमोर तिचा कागद वर धरला.

परीक्षेला चार दिवस असताना, दुपारच्या ड्युटीत, डॉक्टरांचा फोन आला. ते गाडी चालवत होते. बेड सहा, इन्सुलिन बारा युनिट. तिने ऐकता ऐकता लिहिलं, "बरं सर," म्हणाली आणि फोन ठेवला. सिरिंज भरून ती सहा नंबरच्या रुपचंद आबांपाशी गेली. आबा दम्याचे पेशंट. त्यांनी सुईकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हाई सुई कसानी शे, माय?"

"साखरेची, आबा."

"माले साखर नही शे. साखर त्या नववाले शे. तो सकायथीन पानी पेस."

तिने लिहिलेला कागद पाहिला, सहाच होतं. मग तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. बेड सहा की नऊ, ते विचारलं.

"नऊच," डॉक्टर म्हणाले. "मी सहा म्हणालो? सिस्टर, तुम्ही नाव घेऊन परत का नाही म्हटलं? तुम्ही तर नेहमी म्हणता."

ती काय सांगणार होती? दोन महिने मेहनत करून विसरले, हे?

"ड्युटीवरचं डोक्यातून काढा," योगेंद्र सर संध्याकाळी सगळं ऐकून म्हणाले. "तिथला कान वेगळा, इथला वेगळा."

"सर, कान दोनच आहेत मला," ती म्हणाली. "आणि दोन्ही तिकडे लागतात."

तरी ती परीक्षेला पुण्याला गेली. हेडफोन लावला. बाई बोलू लागली: धाप, रात्री उशा चढवून झोपणं, गोळ्यांची मात्रा. पहिल्या तीन जागा नूतनने भरल्या. चौथ्याला मात्रा आली आणि तिचे ओठ हलले. तिने ते दाबले, परत हलले. स्वतःचाच इतका संताप आला तिला की पेनचं टोक कागदात रुतलं. बाई पुढे गेली. नूतन मागे राहिली, त्या एका आकड्याची खात्री करत, जी करून द्यायला पलीकडे कुणी नव्हतं.

वाचनात या खेपेला सहज पास, ऐकण्यात परत मागे. पत्र रद्द झालं.

मेघा तिच्याच नर्सिंगच्या बॅचची, सहा वर्षांपासून आयर्लंडमध्येच. तिने फोन केला. "किती जागा सोडल्यास?"

"सात."

"सोडल्यास कशाला? काहीतरी ठोकून द्यायचं. चुकलं तर गुण कापत नाहीत, माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," नूतन म्हणाली. "औषधाचा आकडा होता, मेघा. हात धजला नाही."