नवसूकाकांचा भिडू

बानूकाकीने पत्त्यांचा कॅट विकत आणला त्या दिवशी मी एसटीत तिच्या शेजारी बसले होते. आम्ही घोडेगावच्या बाजारातून वाडीला परत निघालो होतो. तिच्या पिशवीत मीठ होतं, चहापूड होती, काकांच्या गोळ्या होत्या. सगळ्यात वर कागदात गुंडाळलेला कॅट.

"प्रांजल, हे मला शिकव," ती म्हणाली. "आवणीच्या आत."

आवणी म्हणजे आमच्याकडची भातलावणी. मला वाटलं, ती गंमत करतेय. काकी छप्पन्न वर्षांची. शाळा चौथीपर्यंत. आमच्या वाडीत बाया पत्ते खेळत नाहीत. देवळाच्या पडवीत पुरुष खेळतात आणि बाया त्या बाजूने जाताना पदर सारखा करून पुढे जातात. मी कॉलेजच्या होस्टेलवर पत्ते शिकले, हे तिला कुठून कळलं, तेही मला माहीत नाही. मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाल्यावर या शिक्षणाचा कुणाला उपयोग होईल याची मी वाट बघत होते. उपयोग झाला तो पत्त्यांचा.

काकी गंमत करत नव्हती. तिला नवसूकाकांचा भिडू व्हायचं होतं.

नवसूकाका म्हणजे तिचे मालक. माघात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभ जड झाली, उजवा हात लोंबकळायला लागला. त्याआधी बावीस वर्षं ते देवळाच्या पडवीत मेंढीकोट खेळले. त्यांच्या समोर भिडू म्हणून कायम गेणभाऊ. हा खेळ चौघांचा. समोरासमोर बसलेले दोघे एका बाजूचे. चौघांनी एकेक पान टाकलं की एक हात; तो सगळ्यात मोठ्या पानाचा. चार दश्श्यांना मेंढ्या म्हणतात. ज्यांच्याकडे जास्त मेंढ्या जमा होतात, ते जिंकतात.

काका दवाखान्यातून आल्यावर गेणभाऊ त्यांना एकदा पडवीत घेऊन गेले. काकांना डाव्या हाताने पानं धरता येईनात. एक पान टाकायला मिनिट लागायचं. मग गेणभाऊंनी त्यांची पानं आपल्या हातात घेतली. म्हणाले, तू बस, मी तुझीबी टाकतो. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण काका त्या दिवसानंतर पडवीत गेले नाहीत. घराबाहेरही आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. देवळात कुणी मोठ्याने हसलं की डोळे मिटून घ्यायचे.

हे मला काकीने एसटीत सांगितलं. रडली नाही. कॅट परत पिशवीत ठेवला.

आम्ही गोठ्यात शिकायला बसायचो. दुपारी, भांडी झाल्यावर, काकांना न कळता. पोत्यावर चौघांची पानं वाटायची. दोघांची पानं ती खेळायची, दोघांची मी; समोरासमोर एक तिची जागा, एक माझी. पहिले आठ दिवस तिला चित्रं लागेनात. त्यांच्यावरची इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नव्हती. राजाला दाढी असते, एवढं तिने पकडलं. राणी गुलामाला मारते हे तिला लगेच पटलं. राजा राणीला मारतो हे पटलं नाही, पण पाठ केलं.

मोजणं मात्र मला तिला शिकवावं लागलं नाही. हुकमाची पानं तेरा असतात, एवढं एकदा सांगितलं. आवणीत रोपाच्या किती मुठी कुठल्या खाचरात गेल्या, हे ती चाळीस वर्षं तोंडी ठेवत आलीय. ती ओठ न हलवता मोजायची. नववं इस्पिक पडलं की दहावं, हे मला विचारावं लागायचं. ती सांगायची.

तिची चूक वेगळीच होती, आणि ती जाईना.

तिचा भिडू म्हणून मी टाकलेल्या पानाने हात होणार असेल, तरी ती त्यावर आपलं मोठं पान टाकायची. माझी राणी जिंकत असली की तिचा एक्का आलाच. मी समजावलं. हात आपलाच आहे, मोठं पान वाया घालवू नकोस, बारीक टाक. ती मान हलवायची आणि पुढच्या हाताला तेच करायची.

एकदा मी चिडून विचारलं की असं का करतेस. तिला प्रश्नच कळला नाही. भिडू एकटा ओढतोय आणि आपण दुर्री टाकून बघत बसायचं, हे तिला लाजिरवाणं वाटत होतं. आमच्याकडे आवणी सावडीने होते. आज तुझं खाचर, उद्या माझं. शेजारच्या ओळीतला मागे पडला तर आपली ओळ सोडून त्याच्या ओळीत हात घालायचा. मागे पडला नसला, तरी घालायचा. तिथे हात राखून ठेवणाऱ्या बाईला दुसऱ्या वर्षी कुणी बोलवत नाही.

मृग निघून गेला. आवणी तोंडावर आली तेव्हा तिने काकांना सांगून टाकलं. एका मापट्यात तांदूळ भरले आणि त्यात पानं उभी खोचून दाखवली. पानांची तोंडं काकांकडे. डाव्या हाताने एक उचलायचं आणि टाकायचं. काका कितीतरी वेळ मापट्याकडे बघत राहिले. मग उठून बसले.

चौघं हवेत म्हणून भागूला बोलावलं. भागू काकांचा चुलतभाऊ, पडवीतलाच गडी. भागू आणि मी एका बाजूला, काका आणि काकी दुसऱ्या.

तिसऱ्याच हाताला काकांनी बदाम राणी टाकली. राजा आधीच पडला होता, एक्का काकीकडे; हात काकांचाच होणार होता. भागूने पंजी टाकली. काकीने राणीवर एक्का ठेवला आणि हात ओढून घेतला. काकांचा चेहरा बदलला. आणखी दोन हात झाल्यावर पुन्हा तेच झालं. काकांचा गुलाम, वर तिचा राजा.

काकांनी डाव्या हाताने मापटं ढकललं. तांदूळ घरभर झाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी जुळवले.

"माझा... हात... व्हता."

मग ते भिंतीकडे वळले.

भागू निघून गेला. काकी तांदूळ वेचत बसली. मी मदतीला वाकले तर तिने मला हातानेच थांबवलं. शेवटचा दाणा वेचून झाल्यावर ती म्हणाली, "मी त्यांच्या तोंडात घास बी भरवते. सदऱ्याच्या गुंड्या बी मीच लावते. आन् आता ह्ये बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर काकांसमोर चहाचा पेला होता. काकी चार हात लांब शेंगा फोडायला बसली होती. पेला काकांनी डाव्या हाताने उचलला. थोडा चहा सांडला. ती उठली नाही. तिच्या हातातली शेंग मघापासून तीच होती, तिने ती फोडलीच नव्हती.

आवणीचे पंधरा दिवस आम्ही पत्त्यांना हात लावला नाही. आवणी संपली आणि काकी भरदुपारी देवळात गेली. मी तिच्या मागे होते. पडवीतले चौघे थांबले. ती पायरीवरच उभी राहिली आणि गेणभाऊंना म्हणाली, रविवारी आमच्या ओट्यावर एक डाव खेळायला या. भागूला आणा. ह्यांचा भिडू मी.

"वयनी, पत्ते म्हंजे भाकरी थापणं न्हाई," गेणभाऊ म्हणाले.

"भाकरी तरी येती का तुमाला?"

बाकीचे हसले. ती हसली नाही. तिने अटी सांगितल्या. त्यांची पानं कुणी टाकायची नाहीत. मुद्दाम कुणी हरायचं नाही. त्यांना कळतं.

"आन् आमाला कंटाळा आला तर?"

"तर परत बोलावणार न्हाई. त्यांनाबी सांगन, सोडा आता पत्ते."

ती हे खरंच करेल, हे गेणभाऊंना कळलं असावं. 

रविवारी ओट्यावर घोंगडी अंथरली. मी काकीच्या मागे बसले. इस्पिक हुकूम निघालं. काका एकेक पान उचलायला वेळ लावत होते. गेणभाऊंचा गुडघा हलत होता. भागू दोनदा मोबाईल बघून आला. चौथ्या हाताला काकांचं बोट दोन पानांत अडकलं. गेणभाऊंचा हात नकळत मापट्याकडे गेला. काकीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. हात मागे गेला.

अकरा हात झाले. काका-काकीकडे दोन मेंढ्या, समोरच्यांकडे एक. पण हात समोरच्यांचे जास्त होते. मेंढ्या सारख्या झाल्या असत्या तर त्यांचाच डाव. राहिली होती किलवरची दश्शी, आणि ती काकीच्या हातात होती. तिच्याकडे शेवटची दोनच पानं होती. किलवरची दश्शी आणि किलवरचा एक्का.

उतारी काकांची. त्यांनी मापट्यातून किलवर राजा काढला आणि घोंगडीवर ठेवला. भागूने सत्ती टाकली.

आता काकी. तिचा अंगठा एक्क्यावर गेला.  एक्का टाकला असता तर हात झाला असता, पण मग दश्शी एकटी उरली असती आणि उतारीला तीच टाकावी लागली असती; मग समोरच्यांच्या कुठल्याही मोठ्या किलवरने ती ओढली असती.

अंगठा एक्क्यावर राहिला. ती काकांकडे बघत नव्हती, राजाकडे बघत होती. मला दिसत होतं, तिच्या मनात मोजणी चालू आहे. तेरा इस्पिकं पडून गेली होती. राजाला मारणारं पान फक्त तिच्याच हातात होतं.

तिने दश्शी काढली आणि राजाच्या खाली सरकवली. एक्का हातातच ठेवला.

गेणभाऊंनी चौकी टाकली. मग त्यांच्या हातातलं उरलेलं पान घोंगडीवर आपटलं. किलवरची राणी. दश्शी धरायला ती राखून ठेवली होती.

 काकांचा डावा हात पुढे आला. चार पानं गोळा करायला त्यांना खूप वेळ लागला. एक पान निसटून काकीच्या गुडघ्यापाशी गेलं. तिने ते उचललं नाही. काकांनीच वाकून घेतलं.

मग गेणभाऊ भागूवर घसरले. इस्पिक एवढ्या लवकर संपवायला कुणी सांगितलं होतं? भागू म्हणाला, तुम्हीच मागत होता. त्यावरून त्यांची जुंपली. ते संपलं तसे गेणभाऊ काकांकडे वळले.

"आन् तू रं नवश्या? राजा दाबून बसला व्हतास इतका येळ?"

काकांचं अर्धं तोंड हसलं.

"बसलो... व्हतो."

"लबाड हाय तू. पयल्यापासून लबाड." गेणभाऊंनी सगळी पानं ओढली आणि पिसायला घेतली. दुसरा डाव खेळायचा का, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

भागूने पाय लांब केले आणि म्हणाला, वयनी, चहा तरी टाका आता.

काकी जागची हलली नाही. वाटलेलं पहिलं पान तिने उचललं, बघितलं, छातीशी धरलं.

"प्रांजल, चुलीकडं तू बघ," ती म्हणाली. "माझा डाव चालू हाय."